पामटॉपमधले काढे

"पण आक्का, हे लिनक्स फुकट का वाटतात?"

श्रीरंग वैद्यांनी विचारलं. संशय त्यांच्या पाचवीलाच पुजलेला. "फुकट म्हटलं की कुठंतरी पाणी मुरतंच."

मठात येण्याआधी आक्का कॉलेजात संगणक शिकवायच्या. मठाच्या संगणकावर त्यांनीच ते लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली, घातलं होतं.

"याच्या प्रोग्रामची ओळन् ओळ उघडी आहे. वाचून बघ," आक्का म्हणाल्या.

"म्हणजे माझंही सगळं उघडं पडायचं."

"ज्याचं पोटच उघडं, त्याच्या पोटात एक नि ओठांत एक असेल कसं?"

वैद्यांनी मान हलवली. पटलं म्हणून नव्हे.

टेबलावर त्यांचा जुना पामटॉप होता, तळहातात मावणारा छोटा संगणक. वडिलांनी शेवटच्या दुखण्यात सांगितलेले काढे त्यात टिपलेले होते. दुसरी प्रत नव्हती. सख्खी बहीणही वैद्य, पण तिलासुद्धा त्यांनी एक काढा दाखवला नव्हता.

आता बॅटरी चार्ज धरत नव्हती. पामटॉप बंद पडला की आतलं सगळं पुसलं जाणार होतं. ते संगणकात उतरवून घ्यायचं म्हणून तर वैद्य मठात आले होते.

आक्कांनी पामटॉप स्टँडवर बसवला, वायर जोडली.

"स्टँडवरचं बटण दाब."

वैद्यांनी संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. "संगणकाला तर हा दिसतच नाही. पोर्ट, ते जोडणीचं दार, कुठाय?"

"दाबल्यावर दिसेल."

"आधी दिसू दे. मग दाबतो."

"आधी दिसत नाही रे. याची रीतच तशी. पामटॉपनं हाक मारली की संगणक दार उघडतो."

"आणि त्या दारातून माझे काढे कुठं गेले, हे मला कोण सांगणार?"

आक्कांनी नुसतं बटणाकडे बोट दाखवलं.

शेवटी वैद्यांनी बटण दाबलं. पडद्यावर पोर्टचं नाव उमटलं. त्यांनी झटकन वायर उपटली.

"काय झालं?"

"इतक्या लवकर कसं उघडलं...?"

आक्कांनी वायर परत जोडली. "आता दाब, आणि हात मागे घे."

"तुम्ही जरा बाहेर बसाल? काढे पडद्यावर येतील."

आक्का उठल्या. बाहेर पायरीवर जाऊन बसल्या.

पायरीवरचं ऊन अंगणात उतरलं.

मग वैद्य बाहेर आले. हातात पामटॉप होता. त्याचा पडदा काळा पडला होता.

"दाबलंस?"

"...नाही."

"का?"

"तुम्ही इतक्या पटकन उठलात. वाटलं, यातच काहीतरी काळंबेरं असेल."

ते तिथंच पायरीवर बसले. वडिलांचा एक काढा तरी आठवावा म्हणून ओठ हलवू लागले. गुळवेल, सुंठ... पुढचं येईना. त्यांना रडू कोसळलं.

आक्कांनी त्यांचा हात हातात घेतला. त्या बंद पामटॉपभोवती त्यांचं एकेक बोट मिटवलं.

"आता निर्धास्त राहा," त्या म्हणाल्या. "हे कुणी चोरणार नाही."