चाळीस मुख्याध्यापकांचा ‘हो’

“सगळे ‘हो’ म्हणाले, बाई. तरी शाळांतले टॅबलेट कपाटातच का?”

मकरंद पेठकर शिक्षणातला डॉक्टर. तीन वर्षं वर्गावर्गांत बसून त्यानं एक गोष्ट शोधून काढली होती: टॅबलेट नुसता हातात दिला तर मूल शिकत नाही, जोडीनं बसवलं, मध्ये थांबवून बोलतं केलं, तर शिकतं. मागच्या महिन्यात हे चाळीस मुख्याध्यापकांना समजावलं. काहीही हललं नाही. त्यांच्यासोबतची उद्याची बैठक शेवटची. तीही वाया गेली तर प्रकल्प बंद.

म्हणून तो बोरवणकर बाईंकडे आला होता. चौथीत बाईंनीच त्याला वाचायला शिकवलं होतं.

“उद्याचं सगळं मला सांग,” बाई म्हणाल्या.

मकरंदनं लॅपटॉप उघडला. आलेख, टक्केवारी, निष्कर्ष... गाडी सुसाट सुटली. बाई मान डोलावत होत्या. असा श्रोता भाग्यानंच मिळतो!

“समजलं, बाई?”

“हो.”

“काही शंका?”

“नाही.”

मकरंदची कळी खुलली. “मग उद्या असंच बोलतो.”

“हो.”

“का आणखी थोडक्यात सांगू?”

“हो.”

मकरंद चपापला. त्यानं पहिल्यांदाच पडद्यावरून नजर काढून बाईंकडे पाहिलं.

बाईंनी मूठ उघडली. तळहातावर दोन्ही कानांतली ऐकायची यंत्रं होती.

“तू लॅपटॉप उघडलास, तेव्हाच काढली,” त्या म्हणाल्या. “ओठ थांबले की ‘हो’ म्हणायचं. सोपं असतं.”

मकरंदचे कान तापले. चाळीस जणांना आपण ‘समजलं का’ एवढंच विचारलं. कपाट का उघडत नाही, हे एकालाही विचारलं नाही...

राग यायला हवा होता. त्याऐवजी डोळे भरून आले. एवढी पदवी मिळवल्यावरही आपली पाटी तपासणारं कुणीतरी आहे! उद्या चारचौघांत जे व्हायचं, ते बाईंनी आज घरातच निस्तरलं. तो वाकला, त्यांच्या पायांना हात लावला. “फार उपकार झाले, बाई.”

बाईंनी एक यंत्र कानात बसवलं. “काय म्हणालास?”

“उपकार झाले म्हटलं... पण मग उद्या बोलू काय?”

बाईंनी दुसरं यंत्र त्याच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची मूठ मिटली.

“हे तू घाल.”