काठ्यांचा खडक

माणदेशाच्या कोरड्या टोकाला कुसळ्या माळ आहे. सकाळी निघालेला माणूस दिवसभर चालतो, पण वाटेत ना झाड, ना सावली. मधोमध एका खडकापाशी मात्र काठ्यांचा ढीग दिसतो. नव्या, जुन्या, वाळवीने खाल्लेल्या. खडकाखालच्या घळीत पाणी आहे. काठी घेऊन तिथे कोणी उतरत नाही.

वाट दाखवणारे सिदूबापू पाहुण्यांनाही काठी खाली ठेवायला लावतात.

"आणि साप निघाला तर, बापू?"

"निघू द्या की. त्यो काय तुमच्या काठीला भिऊन बसलाय व्हय?" असे म्हणून ते हसतात, आणि मग म्हाकूबाईची हकीकत सांगतात.

फार जुनी गोष्ट, म्हणे. पावसाने पाठ फिरवली होती. म्हाकूबाईचा नवरा चाऱ्याच्या शोधात पुढे गेलेला. मागे ती, मेंढरे, आणि घोड्यावर आंधळा सासरा. मेंढरे पाण्यावर पोचवायची होती, आणि सासरा जिवंत.

"उगवतीची वाट सोडू नगं पोरी," म्हातारा पुन्हा पुन्हा सांगे. "पुढं जुना आड हाय."

पण कळपाच्या पुढची काळतोंडी मेंढी सारखी मावळतीकडे वळे. भरकटलेल्या मेंढीला काठीने वळवायचे, ही धनगराची रीत. म्हाकूबाईने इतके फटके दिले की मेंढी लंगडू लागली.

उन्हं कलली तेव्हा आड आला. तिने आत डोकावले. तळाशी नुसती भेगाळलेली माती.

"मामा, आड कोरडा हाय."

तहानेने म्हाताऱ्याची जीभ टाळूला चिकटली होती.

काळतोंडी पुन्हा मावळतीला वळली. या खेपेला म्हाकूबाईने तिला अडवले नाही. अडवून न्यायचे तरी कुठे? सगळा कळप लंगड्या मेंढीमागून निघाला. पण चालता चालता मेंढी दर चार पावलांवर थांबे, मागे बघे. दिवस बुडायला आला. या खडकापाशी तर ती थिजूनच उभी राहिली.

"चल गं बाई, म्हातारं जाईल माझं!" म्हाकूबाईने सवयीने काठी उगारली. मेंढी अंग चोरून मागे सरली. तिची नजर काठीवरच होती. तेव्हा म्हाकूबाईला उमगले, ही अडते ती काठीच्या धाकाने. तिने काठी तिथेच टाकली.

मेंढी घळीत उतरली. मागोमाग कळप, आणि घोड्याचा लगाम धरून म्हाकूबाई. कपारीतून पाणी झिरपत होते. भोवती हिरवीगार लव्हाळी होती. तिने सासऱ्याच्या तोंडाला ओंजळ लावली.

दोन घोट पोटात गेल्यावर त्याने चाचपडत विचारले, "काठी कुठं गं तुझी?"

"वर टाकली, मामा."

"ऱ्हाऊ दे तिथंच."

असे सांगतात की ती काठी तिने पुन्हा उचलली नाही. आजही धनगर या खडकापाशी आले की काठी टाकतात, बाजूला सरतात आणि मेंढरांना म्हणतात, "चला, तुम्ही व्हा पुढं."