शेवटचा आकडा

कोल्हापुरात दिगंबर इंगवले नावाचा एक संगीतकार होता. जाहिरातींना संगीत देण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि ही गोष्ट त्याला जरा जास्तच ठाऊक होती.

या धंद्याची एक रीत आहे. चित्रं कापून जोडणारा संकलक जाहिरातीची फाईल संगीतकाराला देतो. तिच्या कोपऱ्यात वेळेचे आकडे पळत असतात. कोणत्या आकड्याला दार उघडतं, कोणत्या आकड्याला बाळ हसतं, हे बघून संगीतकार सूर बसवतो. जाहिरातीत काही बदल झाला की नवी फाईल येते. मग कामाला लागण्याआधी दोघं फोनवर शेवटच्या चित्राचा आकडा एकमेकांना वाचून दाखवतात. आकडा जुळला, म्हणजे दोघांसमोर एकच जाहिरात आहे.

दिगंबरला ही कटकट वाटे. "मी संगीतकार आहे, तलाठी नव्हे," असं तो म्हणे. पळत्या आकड्यांनी सूर हरवतो म्हणून त्याने पडद्याच्या त्या कोपऱ्यावर चक्क काळी पट्टी चिकटवली होती. काय म्हणावं अशा शहाण्याला!

रावसाहेब चौगुल्यांच्या स्टुडिओत तबस्सुम बागवान ही मुलगी संकलक म्हणून नुकतीच लागली होती. तिच्याकडे पहिलंच मोठं काम आलं, एका रुग्णालयाची जाहिरात. ती धड झाली तर नोकरी पक्की होणार होती. जाहिरातीत आई बरी होऊन घरी येते, दार उघडतं आणि सनई वाजते, असं ठरलं होतं. पण रुग्णालयाच्या वृद्ध विश्वस्तांची पत्नी तिथेच वारली होती. त्यांनी दाराच्या आधी एक चित्र घालायला सांगितलं. जे वाचले नाहीत त्यांच्या आठवणीसाठी, पांढरी चादर घातलेली एक रिकामी खाट.

तबस्सुमने नवी फाईल पेनड्राइव्हवर घालून स्वतः दिगंबरच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी तिने फोन केला, आपला आकडा वाचला आणि विचारलं, "सर, तुमच्याकडं काय दिसतंय?"

दिगंबरने ड्राइव्ह उघडलाच नव्हता. तो जुन्याच फाईलवर सूर बसवत होता. "जुळतोय, जुळतोय," तो म्हणाला. "माझा वेळ खाऊ नकोस."

संगीत ऐनवेळी आलं. ते चित्राला जोडून थेट विश्वस्तांसमोरच लावावं लागलं. पडद्यावर पांढरी खाट आली आणि नेमकी तेव्हाच लग्नघरासारखी सनई वाजू लागली. म्हातारे विश्वस्त काठी टेकत उठले आणि निघून गेले. त्यांच्याबरोबर रुग्णालयाचं कामही गेलं.

"हे कुणी केलं?" चौगुले ओरडले.

दिगंबरला खरं ठाऊक होतं. पण जीभ कचरली. "मला जुनीच फाईल मिळाली होती," तो म्हणाला.

"सर, तुम्ही आकडा जुळला म्हणालासा की!" तबस्सुम म्हणाली.

"तूच जुना आकडा वाचला असशील."

माणसाचं नाव मोठं असलं की त्याचा ड्राइव्ह कोणी उघडून बघत नाही. तबस्सुमला त्याच दिवशी काढून टाकलं. दिगंबरने घरी जाताना तो ड्राइव्ह पुलावरून पंचगंगेत टाकला.

'जुनी फाईल देणारी' हे नाव तबस्सुमला चिकटलं. फाईलच्या भरवशावर चालणाऱ्या धंद्यात याहून वाईट नाव नाही. तिला कुठेच काम मिळेना. दिगंबरचं मात्र बरं चाललं होतं. पण कोणी नवा संकलक फोनवर शेवटचा आकडा विचारू लागला की तो काहीतरी निमित्त काढून फोन ठेवून देई. अशी काही वर्षं गेल्यावर त्याला राहवेना. तो आधी चौगुल्यांकडे गेला आणि सारं सांगून मोकळा झाला.

"आता कशाला उकरून काढताय?" चौगुले म्हणाले. "झालं गेलं पंचगंगेला मिळालं."

मग तो तबस्सुमला शोधत गेला. ती मामाच्या कापडदुकानात बसत होती. एकच कापड ती पुन्हापुन्हा मोजत होती आणि गिऱ्हाईक वैतागलं होतं.

"तबस्सुम, ती चूक माझी होती," दिगंबर म्हणाला. "तुझी फाईल मी उघडलीच नव्हती. मी खोटं बोललो."

त्याला वाटलं होतं, ती रडेल किंवा शिव्या तरी देईल. ती ओशाळून हसली.

"सर, तुमचं मन मोठं हाय म्हणून असं म्हणतासा. मी लई विचार केलाय त्याचा. आकडा मीच चुकीचा वाचला असणार."

"नाही गं, खरंच सांगतो!"

"माझं ध्यानच नसतं सर. घरात सगळी हेच म्हणत्यात."

पुरावा म्हणून दाखवायला दिगंबरकडे काहीच उरलं नव्हतं. तो दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. तबस्सुमने मोजलेलं कापड उलगडलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.

तात्पर्य: दुसऱ्यावर घातलेला खोटा आळ वेळीच मागे घ्यावा; उशीर झाला तर ज्याच्यावर तो घातला तोच तो खरा मानून बसतो, आणि मग आपलं खरं ऐकायला कोणी उरत नाही.