नकाशातला पांढरा ठिपका

"मग ह्यात आमचा मठ कुठं रं?"

गीरबुवांनी हे विचारलं, तेव्हा आमदार विश्वंभर टेकाळे जरा खुलले. नकाशा घोंगडीवर पसरून अर्धा तास झाला होता आणि तेवढा वेळ बुवा नुसते तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. आता कुठं त्यांचं लक्ष वळलं.

नकाशा मतदारसंघाचा होता. कुठल्या केंद्रावर किती मतं पडली त्याची यादी चाळून विश्वंभररावांनी चार दिवस खपून तो स्वतःच्या हातानं रंगवला होता. साथ दिलेली गावं पिवळी, पाठ फिरवलेली तांबडी. नदीकाठ सगळा पिवळा, आणि डोंगराकडं चढावं तसतसा तांबडा रंग वाढत गेलेला. दुसऱ्यांदा निवडून आले होते, पण जेमतेम चारशे मतांनी. ते काही केल्या मनातून जात नव्हतं.

"मठाचं सांगतो. आधी ही उंबरदरी बघा." त्यांनी बोट ठेवलं. "एकशे त्र्याण्णव मतं झाली. त्यात मला किती? शून्य! एक माणूस नाही, बुवा. एक!"

"वा. एकी आहे म्हणायची गावात."

"थट्टा करू नका... ओढ्यावरचा पूल उंबरदरीला मंजूर झालाय, माझ्या निधीतून. तो मी आता राजणीला नेतोय. राजणीनं भरभरून दिलं मला." त्यांनी खिशातलं पत्र बाहेर काढलं. "चार वाजता तालुक्याला बैठक आहे. तिथं हे दिलं की झालं. म्हटलं, आधी तुमच्या पाया पडून जावं."

बुवांनी एक शेंग सोलली. मग दुसरी.

"राजणीला पूल आहे ना रं?"

"आहे. दुसरा होईल."

"हं... आणि मठ?"

"हा काय."

उंबरदरीच्या तांबड्या रंगात तुरीच्या दाण्याएवढा एक ठिपका पांढरा होता.

"हद्द उंबरदरीचीच आहे. पण तेवढी जागा मी कोरी सोडली. तुमच्यावर तांबडा रंग कसा चढवू? आणि साधूला कसलं आलंय मत!"

विश्वंभरराव हे अगदी मनापासून बोलले. वीस वर्षं ते ह्या माणसाच्या पायाशी बसत होते. वडील गेले, तेव्हा घरी लोकांसमोर आवंढा गिळला आणि इथं येऊन पोटभर रडले होते.

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. देवीपुढच्या कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं, सावकाश परत येऊन बसले, आणि ते बोट पांढऱ्या ठिपक्यावर टेकवलं.

ठिपका तांबडा झाला.

विश्वंभररावांना कळायला थोडा वेळ लागला.

"बुवा... तुम्ही मतदानाला गेला होतात?"

"गेलो की. ओढ्याला पाणी नव्हतं त्या दिवशी."

"आणि मला... मला नाही दिलंत?"

"शून्य म्हणजे शून्यच की रं. मास्तराचा पोरगा ना तू?"

"का, बुवा?"

हा आवाज सभेतल्या आमदाराचा नव्हता.

"गेल्या श्रावणात सखूबाईच्या सुनेला कळा सुटल्या. ओढा दुथडी भरलेला. बाजेवर घालून आणली आम्ही तिला, न् बसलो काठावर. पाणी उतरायची वाट बघत..." बुवांनी शेंग हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. "पोरगी वाचली. लेकरू गेलं. पुलाचा शब्द तू त्याच्या आधीच्या निवडणुकीत दिला होतास. इथंच बसून."

बातमी विश्वंभररावांच्या कानावर आली होती. त्या आठवड्यात राजणीला त्यांचा सत्कार होता.

खरं तर त्यांना राग यायला हवा होता. पण त्यांना आठवली मतदानाची सकाळ. उजाडताच ते मठात आले होते, पायावर डोकं ठेवलं होतं, आणि बुवांनी डोक्यावर ठेवलेला हात बराच वेळ उचलला नव्हता. त्या हाताच्या जोरावर तर ते दिवसभर फिरले होते. शून्यापेक्षा आता तो हातच त्यांना जास्त लागला.

"मला मत द्यायचं नाही, हे त्या सकाळी ठरलेलं होतं तुमचं?"

"ठरलेलं होतं."

"तरी माझ्या डोक्यावर हात ठेवलात?"

"ठेवला."

"कसा ठेवलात, बुवा? सगळं ठाऊक असून?"

बुवांनी नकाशाची नीट घडी घातली आणि त्यांच्या हातात दिली. शेजारी पडलेल्या पत्राकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"तू वाकला होतास, विसू," ते म्हणाले. "हात ठेवण्याआधी मीपण मतांची यादी चाळायची होती का?"