वस्तादांचं कच्चं लिंबू

एका गावात पेठेगणिक तालीम होती आणि तालमीगणिक फुटबॉलचा संघ. कुस्तीचे आखाडे कधीच ओस पडले होते, आता सगळा जीव त्या बॉलवर. सोयरीक जुळवतानासुद्धा लोक आधी विचारायचे, "पाव्हणं कुठल्या तालमीचं?" थट्टा नव्हे हं, अगदी खरंच विचारायचे.

या सगळ्यांत माळ पेठेची तालीम बलाढ्य. गावचा करंडक तिच्याच कपाटात असायचा. तिच्या खेळाडूंना शिकवायचे हिंदुराव वस्ताद. मिशा पांढऱ्या, बोलणं फटकळ, आणि आतून मात्र माणूस मेणाहून मऊ. मोठ्या संघात बाहेरगावाहून आणलेले तयार गडी खेळायचे. वस्तादांचा खरा जीव होता तो बालसंघात. पेठेतली शेंबडी पोरं गोळा करून त्यांनी तो उभा केला होता. कुणाला बूट नव्हते, कुणाला धड चड्डी नव्हती. अशा पोरांना त्यांनी बॉल कसा थांबवायचा, मान वर करून कसं पाहायचं, पडलं तर रडत न बसता कसं उठायचं ते शिकवलं. पेठेतली माणसं विचारत, "वस्ताद, आपली पोरं मोठ्या संघात दिसणार कधी?" वस्ताद मिशीवर हात फिरवून म्हणत, "पिकू द्या की जरा!"

शेवटी एक पोर पिकलं. बांगड्या विकणाऱ्या शेवंताबाईंचा इंद्रजित. पेठेत त्याला सगळे इंद्याच म्हणत. पोराचा डावा पाय असा, की बॉल त्याला सोडायलाच तयार नसायचा. त्या तालमीत रीत होती. मोठ्या संघात येणाऱ्याची जर्सी आधी तालमीतल्या मारुतीच्या पायाशी ठेवायची, नारळ फोडायचा आणि मग वस्तादांनी ती आपल्या हातांनी त्याच्या अंगात घालायची. बाहेरच्या गड्यांसाठी ही रीत कितीदा झाली होती. पण वस्तादांनी घडवलेल्या पेठेच्या पोरासाठी ती पहिल्यांदाच होत होती. शेवंताबाई दारातच उभ्या राहून रडल्या. वस्तादांना पोराची बाही काही केल्या सापडेना.

बाही सापडेना ती नुसत्या आनंदाने नाही. वस्तादांच्या मनात एक जुनी भीती होती. ऐन विशीत याच तालमीकडून खेळताना त्यांनी अंतिम सामन्यात पेनल्टी बाहेर मारली होती. पेठेने त्यांना नको नको ते ऐकवलं. चहाच्या टपरीवर त्यांना पाहून माणसं पाठ फिरवायची. हिंदुरावांनी पुन्हा म्हणून खेळायला मैदानात पाय ठेवला नाही, शिकवायला बसले ते कायमचेच. माझ्या एकाही पोरावर ही पाळी येऊ द्यायची नाही, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं.

म्हणून त्यांनी कप्तान सयाजीला बाजूला घेतलं. म्हणाले, "सयाजी, पोरगं अजून कच्चं लिंबू हाय. सामना अडला की त्याच्याकडं बॉल द्यायचा न्हाई. चुकलं तर त्याला कुणी बोलायचं न्हाई. नुसतं सांभाळून घ्या."

कच्चं लिंबू म्हणजे काय ते तुम्हां आम्हांला सांगायला नको. गल्लीतल्या खेळात धाकटं भावंड रडायला लागलं की त्याला कच्चं लिंबू म्हणून घेतात. ते सगळ्यांबरोबर पळतं, ओरडतं, खूश होतं. पण ते आउट झालं तरी आउट नसतं, आणि त्याने कुणाला आउट केलं तरी ते धरत नाहीत.

झालं! इंद्या मैदानात उतरू लागला. पेठेने टाळ्या पिटल्या. "बघा, आमच्या तालमीत घरची पोरं खेळतात," असं माणसं दुसऱ्या पेठेत जाऊन मिरवू लागली. इंद्या डाव्या बाजूने जीव खाऊन पळायचा, हात वर करायचा, हाका मारायचा. बॉल उजवीकडून जायचा. तो पुन्हा पळायचा. कधी चुकून बॉल आलाच आणि त्याच्या पायातून निसटला, तर सगळे त्याच्या पाठीवर थोपटायचे. "असू दे, असू दे." वस्ताद बाकावर बसून हे पाहायचे आणि त्यांना वाटायचं, पोर सुखात आहे.

उपांत्य सामन्यात इंद्या एकदा अगदी मोकळा होता. समोर गोलकीपरशिवाय कुणी नव्हतं. "सयाजीदादा, बॉल!" म्हणून तो ओरडला. सयाजीने बॉल मागे फिरवला. नवीन आलेला एक गडी चिडला, "अरे, तो मोकळा होता की!" सयाजी भर मैदानात म्हणाला, "ते कच्चं लिंबू हाय रं. वस्तादांनीच सांगितलंय, त्येला द्यायचा न्हाई." हे इंद्याने ऐकलं. सामना जिंकला. पेठेत गुलाल उधळला. इंद्या गुलालात नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वस्तादांच्या घरी आला. हातात जर्सी, नीट घडी घातलेली.

"वस्ताद, चावडी पेठेची तालीम मला बोलावतीया. जातो मी."

वस्ताद भडकले. "अरे, त्यांचा संघ तो काय! एक चूक केलीस तर शिव्यांनी सोलून काढतील तुला. हितं कधी कुणी ब्र काढलाय का?"

"न्हाई काढला," इंद्या म्हणाला. "वस्ताद, मी लहान असताना ताई मला लपंडावात घ्यायची. कच्चं लिंबू म्हणून. मी आईच्या बांगड्यांच्या पेट्यांमागं लपायचो. लई खूश व्हायचो, मी कुणाला गावलोच न्हाई म्हणून. आणि बाहेर डाव मोडून सगळी आपापल्या घरी गेलेली असायची. मला कुणी शोधायलाच आलेलं नसायचं." त्याने जर्सी वस्तादांपुढे ठेवली. "त्यांच्या शिव्या चालतील मला."

लेकरू उन्हात पडू नये म्हणून आपण त्याच्यावर छत्री धरली, आणि त्या छत्रीखाली ते सुकत चाललंय, हे वस्तादांना आत्ता कुठे दिसलं. इंद्या गेला तर बालसंघातलं एकही पोर उद्या आपल्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि का ठेवावा? त्यांनी जर्सी उचलून त्याच्या हातात परत दिली.

"एक सामना थांब. अंतिम सामना खेळ. मग तुला जायचं तिथं जा. मी अडवणार न्हाई."

सामन्याआधी त्यांनी सगळ्या संघाला समोर उभं केलं. म्हणाले, "आजपासून आपल्या संघात कच्चं लिंबू कुणी न्हाई. इंद्या मोकळा असला की बॉल त्याला. चुकला तर जसं एकमेकाला बोलता तसंच त्यालाही बोला." सयाजीने मान डोलावली. इंद्याने वस्तादांकडे एकदाच पाहिलं आणि बुटाची नाडी बांधायला वाकला.

समोर चावडी पेठच होती. मैदान माणसांनी फुटायच्या बेताला आलेलं. बॉल इंद्याकडे येऊ लागला आणि पोर खुललं. डाव्या बाजूने त्याने असे काही डाव टाकले की पेठ जागेवर उभी राहिली. दोन्ही संघ बरोबरीत होते. मग मध्यंतरानंतर त्याने घाईत न पाहताच मागे पास दिला, तो आखूड पडला. चावडीच्या गड्याने मधेच उचलला, धावला आणि गोल केला.

आणि मग माळ पेठेची आपली माणसंच इंद्यावर शिव्यांनी तुटून पडली. कुणी आईवरून, कुणी बांगड्यांवरून. तालमीचे अध्यक्ष बाकाकडे धावत आले, "वस्ताद, काढा त्याला! आत्ताच्या आत्ता बाहेर काढा!" वस्तादांच्या कानांत आपल्याच विशीतल्या शिव्या घुमू लागल्या. त्यांचा हात रेफरीला खूण करायला वर गेला. पोराला वाचवावं, एवढंच मन म्हणत होतं.

तेवढ्यात मैदानातून सयाजीचा आवाज आला, "डोळं फुटलं काय रं, इंद्या? बघून दे की!" एवढं बोलून सयाजीने खेळ सुरू होताच पहिला बॉल इंद्याकडेच ढकलला. इंद्याने एकदाही बाकाकडे पाहिलं नाही. वस्तादांनी हात खाली घेतला आणि दोन्ही तळहात मांडीखाली दाबून धरले. अध्यक्ष काय काय बोलले, ते त्यांनी ऐकलं नाही.

इंद्या शेवटपर्यंत खेळला. त्याचा एक फटका खांबाला लागून परत आला, आणि तेवढ्यात शिट्टी वाजली. माळ पेठ हरली. करंडक चावडी पेठेच्या वाजंत्रीबरोबर निघून गेला.

संघ खोलीत येऊन बसला. बाहेर माणसं जमली, दारावर थापा पडू लागल्या. "कुठाय तो इंद्या? बाहेर काढा त्याला! कुठाय तो?" वस्ताद उठून दारात आडवे उभे राहिले. म्हणाले, "पोरा, मागच्या दारानं जा. मी बघतो यांच्याकडं."

इंद्या रडत होता. त्याने जर्सीच्या बाहीने डोळे पुसले आणि तो उठला. वस्तादांचा हात त्याने हळूच बाजूला केला, दार उघडलं आणि म्हणाला, "मी हितं हाय."

गर्दी थबकली. समोर आलेला म्हातारा काठी उगारून म्हणाला, "काय रं भाड्या, असला पास देत्यात व्हय? पुढच्या वर्षी असं खेळलास तर तंगडं मोडीन!"

"पुढच्या वर्षी न्हाई व्हायचं असं," इंद्या म्हणाला.

वस्ताद मागे उभे होते. म्हातारा पुढच्या वर्षाचं बोलला होता, आणि पोरानेही पुढच्या वर्षाचंच उत्तर दिलं होतं. वस्तादांच्या त्या पेनल्टीनंतर एवढ्या वर्षांत तालीम अशी कधी हरली नव्हती. तरी त्या संध्याकाळी हिंदुराव वस्ताद विशीतल्या त्याच टपरीवर जाऊन चहा प्यायले, इंद्याला शेजारी बसवून, सगळ्यांच्या देखत.

तात्पर्य: नव्या माणसाला आपल्यात घ्यायचं तर त्याच्या चुकीसकट घ्यावं. ज्याची चूक कुणी धरत नाही, त्याला खेळातही कुणी धरलेलं नसतं.