आठ हातांचा एक वार

नियम करणाऱ्यांनी फक्त स्वतःचेच हात मोजले.

फार पूर्वी खाडीकाठी वानरांचा आखाडा होता. एका हातात तलवार, दुसऱ्यात कट्यार, असा तिथला नियम. खाडीच्या पाण्यातून आठ हातांची माकूल खेळायला आली, तेव्हा वस्ताद म्हणाला, "सहा हात बांधून ये, बाई. नाहीतर एका पाळीत आठ वार करशील."

"सहा बांधले तर मी उभी कशी राहू, वस्ताद? हात मोजू नका, वार मोजा. पाळी आली की प्रत्येकाचा वार एकच."

वस्तादाने बराच वेळ शेपूट खाजवली, मग मान डोलावली. माकूल आखाड्यात उतरली. हरली, पण हसत बाहेर आली.

कुंपणाखालून बघणारा साप पुढे सरकला. "वस्ताद, शेपटीत धरता येईल अशी तलवार आहे का?"