सिग्रिडचा गोठा

"…काडी सिग्रिडनंच लावली, स्वतःच्या हातानं. आणि गोठ्यात…"

एवढंच फीबीच्या कानावर पडलं. दुकानात कापडाच्या ताग्यांमागे दोघी बायका बोलत होत्या. फीबीची चाहूल लागली तशी एक गप्प झाली आणि दुसरी उगाच बटणं चाळू लागली.

ही दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट. अमेरिकेत आयोवा नावाचा मुलूख आहे. तिथं तेव्हा माणसाच्या खांद्याला लागेल एवढं गवत वाढायचं, आणि घरं मैलमैल अंतरावर. फीबी, तिचा नवरा एझरा आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी रूथ त्याच वर्षी तिथं राहायला आली होती. सिग्रिड ही त्यांची सगळ्यांत जवळची शेजारीण. एकटीच राहायची. तिच्या घरामागे जळलेल्या गोठ्याचे चार काळे खांब अजून उभे होते.

फीबी तशी प्रेमळ बाई, पण अर्धी गोष्ट तिला पचायची नाही. दुकानातून घरी पोचेपर्यंत तिनं ती मनातल्या मनात पुरी करून टाकली. गोठ्यात कोण असणार? सिग्रिडचा नवरा तर कुठं दिसत नाही. म्हणजे तोच असणार.

एझरा म्हणाला, "तिलाच विचार ना."

"असं कुणाच्या तोंडावर विचारतात का?" फीबी म्हणाली. विचारायची तिला लाज वाटली, मनात धरून बसायची काही वाटली नाही.

त्या मुलखात एक रीत होती. थंडी पडायच्या आधी, गवत वाळलं की घराभोवती नांगरानं दोन वेढे घालायचे. एक घराला लागून, दुसरा वीसेक पावलं बाहेर. मग वारा पडलेला दिवस बघून दोन वेढ्यांमधलं गवत जाळून टाकायचं. म्हणजे पुढं वणवा आलाच तर त्याला खायला काही उरत नाही. पण हे जाळायचं काम दोघांचं. एकानं पेटवत जायचं, दुसऱ्यानं ओलं पोतं घेऊन त्याच्या मागं राहायचं आणि घराकडे उडालेली ठिणगी आपटून विझवायची. शेजाऱ्यानं शेजाऱ्याचं पोतं धरायचं, असा तिथला शिरस्ता. सिग्रिडच्या घराभोवतीचं गवत जाळताना एझरानं पोतं धरलं होतं. आता पाळी सिग्रिडची होती.

एझरानं आपल्या घराभोवती वेढे नांगरले, पण वारा काही पडेना. तेवढ्यात त्याला गहू घेऊन गिरणीवर जावं लागलं. गिरणी दोन दिवसांच्या वाटेवर. वारा पडला की सिग्रिडला बोलाव आणि गवत जाळून घ्या, असं बजावून तो गेला.

दुसऱ्या दिवशी पान हलत नव्हतं. सिग्रिड आपण होऊन आली, खांद्यावर पोती टाकून. फीबीनं दार अर्धंच उघडलं. रूथला बरं नाही, उद्या बघू, असं सांगितलं आणि लावून घेतलं. आत रूथ खिदळत होती. ते सिग्रिडला ऐकू गेलं. ती खांद्यावरची पोती सावरून परत गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. फीबी कपडे वाळत घालत होती. आधी ससे दिसले. एक, दोन, मग कळपच्या कळप, अंगणातून सरळ पळत गेलेले. माणसाला न बघता. मग धुराचा वास आला. तिनं पश्चिमेकडे मान वळवली. आभाळाची कड तांबूस झाली होती आणि ती कड जवळ येत होती.

दोन वेढ्यांमधलं गवत तसंच उभं होतं, वाळून कडकडीत झालेलं.

आणि त्याच गवतातून सिग्रिड धावत येताना दिसली. खांद्यावर पोती, हातात निखाऱ्यांचं डबडं. ती घराला लागून असलेल्या वेढ्यापाशी आली आणि खाली वाकली. फीबीनं भिंतीला टेकलेलं दाताळं उचललं आणि तिच्यापुढं धरलं.

"सिग्रिडबाई, तिथंच थांबा. तुमच्या गोठ्यात कोण होतं ते आधी सांगा."

सिग्रिडनं एकदा मागं वळून धुराकडे पाहिलं. मग ती शांतपणे म्हणाली, "माझे दोन बैल होते."

"आणि नवरा?"

"तो आदल्या वर्षीच तापानं गेला. काडी मी लावली, खरं आहे ते. वणवा गावावर चालला होता आणि माझं शेत मध्ये होतं, म्हणून त्याच्या वाटेतलं गवत मी आधीच जाळलं. हाका मारल्या, पण पोतं धरायला कुणी आलं नाही, आणि ठिणगी गोठ्यावर पडली. आता तुम्ही धरणार का, तेवढं बोला."

फीबीनं दाताळं खाली टाकलं आणि पोत्यासाठी हात पुढं केला.

रूथला ओल्या गोधडीत गुंडाळून विहिरीपाशी बसवलं. सिग्रिड पेटवत पुढं निघाली आणि फीबी तिच्या मागं पोतं आपटत राहिली. दोन वेळा ठिणगी आत आली, दोन्ही वेळा तिनं ती चिरडली. तिचा एप्रन पेटला, तो सिग्रिडनं ओढून फाडून टाकला. पश्चिमेची बाजू जळून काळी झाली, उत्तरेची झाली. दक्षिणेची अर्धी राहिली, तोवर वणवा येऊन भिडला.

काळ्या पट्ट्यापाशी तो अडला, फुटला आणि घराच्या दोन्ही अंगांनी पुढं निघून गेला. पण दक्षिणेकडून एक जीभ आत आली आणि गवताची गंजी घेऊन गेली. गाईची अख्ख्या हिवाळ्याची वैरण होती ती. काल दार पुरं उघडलं असतं, तर गंजी शाबूत राहिली असती. हे फीबीला कुणी सांगावं लागलं नाही.

दोघी विहिरीच्या कठड्याला टेकून बसल्या. तोंडं काळी, हातांना फोड. सिग्रिड म्हणाली, "गाय माझ्याकडे बांधा. माझ्याकडे गवत आहे, खायला बैल नाहीत."

पंधरा दिवसांनी फीबी दुकानात गेली. ताग्यांमागे त्याच दोघी होत्या. तिच्या हातांवरच्या पट्ट्या बघून एकीनं हळूच विचारलं, "म्हणजे काडी सिग्रिडनंच लावली होती ना?"

"हो," फीबी म्हणाली, "तिनंच लावली. आणि त्या दिवशी पोतं धरायला कोण कोण गेलं नाही, तेही मला आता माहीत आहे."

दोघी पुन्हा बटणं चाळू लागल्या.

तात्पर्य एवढंच: अर्धी ऐकलेली गोष्ट आपल्या मनानं पुरी करू नये, जिची ती गोष्ट आहे तिच्या दारात जाऊन, वारा पडलेला असतानाच, उरलेली विचारून घ्यावी.